काळ्या दगडावरच्या अकरा पाली

३ ऑक्टोबर १९६३, दांडी. सकाळी ८.
शाळेमागच्या काळ्या दगडावर पाली. अंगठ्याएवढ्या. घरातल्या पालीच्या डोळ्यातली बाहुली उभ्या चिरेसारखी असते, यांची माणसासारखी गोल. शिवाय दिवसाढवळ्या हिंडतात. नराचा गळा पिवळा. शाळेतल्या एकुलत्या एका प्राणिशास्त्राच्या पुस्तकात नाहीत. म्हणजे नवी जात. नाव माझेच पडणार. मोजल्या : अकरा. संकल्प : नमुन्याला फक्त एक.

५ ऑक्टोबर.
एक पकडली. शेपूट हातात तुटून आले. शेपटीवाचून नमुना अपुरा, म्हणून दुसरी. मग तिसरी. शेपट्या काड्यापेटीत ठेवल्या. स्पिरिट मिळाले नाही. पाली मीठ लावून शेजारच्या येसूबाईंच्या बोंबलांजवळ वाळत घातल्या. इथे सगळे असेच टिकवतात.

९ ऑक्टोबर.
येसूबाई भडकल्या. "मास्तर, आता माजे बोंबील कोन घेल? तुमी खाल?" वर सल्ला : "समद्या जनी एकाच भेगेत अंडी घालतात. तितं हात लावू नका." मी सायन्स शिकवतो, याची त्यांना आठवण दिली. आणखी तीन पकडल्या. शेपट्या सहा. दगडावर पाचच उरल्या. मांजरावर संशय.

१३ ऑक्टोबर.
भेग सापडली. चौदा अंडी, वाटाण्याएवढी, दगडाला घट्ट चिकटलेली. मांजरापासून वाचवणे भाग. चाकूने खरवडली. एकही अखंड निघाले नाही. कवचच निकृष्ट.
संध्याकाळी भेगेत मुंग्यांची रांग. पाचही पाली भोवती बसलेल्या. मी जवळ गेलो तरी हलल्या नाहीत. माझी सवय झाली असावी.

१४ ऑक्टोबर.
पाचही पकडल्या. एकही पळाली नाही. चौघींच्या शेपट्या गेल्या, पण पिवळ्या गळ्याचा अखंड! वाळवून मिठासकट सगळ्यांचे पार्सल मुंबईच्या तज्ज्ञांना पाठवणार. दगड फार शांत आहे. बाकीच्या आत विश्रांती घेत असतील.

६ नोव्हेंबर.
तज्ज्ञांचे पत्र. पार्सलात चुरा पोचला, ओळख पटत नाही. मात्र माझ्या वर्णनावरून जात नवी असू शकते. यापुढे कृपया एकही पकडू नये, रविवारी जिवंत पाहायला स्वतः येतो. सूचना तंतोतंत पाळीन.

१० नोव्हेंबर, रविवार.
साहेब आले. दोन तास दगडासमोर उभे. किती होत्या, विचारले. अकरा, म्हणालो. येसूबाई बोंबील उलटत होत्या. "दावा की मास्तर, काड्यापेटी."
साहेबांनी ती उघडली. बंद केली. चहा न घेता गेले.
संध्याकाळी पुन्हा मोजल्या. शून्य.
उद्या वेळ बदलून पाहावी.