सरळ केलेला ओढा

आबा, गेल्या महिन्यात ऑफिसच्या लोकांबरोबर मालवणला गेलो होतो. तुम्ही समुद्र कधी पाहिला नाहीत. होडीवाल्याने काचेतून पाण्याखालचं प्रवाळ दाखवलं. एका बाजूला झुडपासारखे फांदे, ताटासारखे थर, मधे भेगा आणि बिळं, आणि प्रत्येक जागेत वेगळ्या जातीचा मासा. थोडं पुढे गेलो तर सगळं मोडून सपाट झालेलं. तिथे एकाच जातीचे करडे मासे फिरत होते. "हयसर नांगर टाकून टाकून मोडल्यानी," तो म्हणाला. "पाणी ताच आसा. पण रवाक जागा नाय, तर मासो थांबतलो कशाक?" बाकीचे फोटो काढत होते. मी काचेपासून बाजूला झालो.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. कासार आंबोलीच्या आपल्या ओढ्यात तुम्ही गुडघाभर पाण्यात वाकला आहात. धारेतल्या दगडाला मळ्या मासा चिकटलेला असतो, वाळूत मुरे, उंबराच्या मुळांत शिंगटा, डोहात वाम. तुम्ही न बघता हात घालता. उचललेला प्रत्येक धोंडा होता तसा पालथा ठेवता. त्या दिवशी मी एक उलटा टाकून आलो आणि घरी पोचल्यावर बोलून गेलो. तुम्ही टोपली खाली ठेवलीत.

"चल माघारी."

"उद्या ठेवतो की."

"उद्यापातुर खालची अंडी वाळत्याल. चल."

आई चुलीपाशी होती. "आता माशांची घरपट्टी बी तुमीच भरा," म्हणाली. तुम्ही हसला नाहीत. आपण परत गेलो आणि धोंडा ठेवून आलो.

तुम्हाला अर्धांगवायू झाला त्या वर्षी ओढ्याकाठच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलं. त्याला बंगला बांधायचा होता. वळणांत जागा जाते, धोंड्यांत साप असतात, ओढा सरळ करून द्या, म्हणाला. मी हिंजवडीहून रजा काढून आलो आणि उभा राहून काम करून घेतलं. पोकलेनवाल्याने विचारलं, "मोठे धोंडे ऱ्हाऊ द्यायचे का?" मी म्हणालो, "सगळे काढ. एकसारखं कर." दोन दिवसांत डोह बुजले, उंबर गेला. तुम्ही खाटेवरून विचारलंत, यंत्र कुटं चाललंय. रस्त्याचं काम आहे, असं मी सांगितलं. आईला म्हणालो, यंत्र बंगलेवाल्याने लावलंय.

पुढच्या पावसाळ्यात पाणी तेवढंच आलं आणि गटारातून जावं तसं निघून गेलं. मळ्या दिसला नाही, मुरे नाहीत. खाली बंधाऱ्यापाशी नुसत्या चिलापी. तेव्हाच तुम्ही मळ्याचं कालवण मागितलंत. मी पौडच्या बाजारातून चिलापी आणली. तुम्ही दोन घास खाल्लेत.

"ही आपल्या वढ्याची न्हाई."

"पाणी लई गढूळ हाय आबा. मळ्या घावत न्हाई."

"बरं," म्हणालात, आणि ताट सारलंत. ओढ्याचं परत काही विचारलं नाहीत. दिवाळीच्या आत गेलात.

आई अजून म्हणते, "त्या बंगलेवाल्यानं वढा मारला. त्याच घोरानं तुजा बाप गेला." मी खाली बघून जेवत राहतो. हे कागद तुमच्या फोटोमागे ठेवावेत असं लिहायला बसताना ठरवलं होतं. पण फोटो तिच्या खोलीत आहे, आणि तिला वाचता येतं.