एरंडाची सावली

३ एप्रिल
सगळं रान करडं. एरंडाच्या सावलीतला शेवंतीचा वाफा तेवढा हिरवा. मागच्या आषाढात एरंड मुद्दाम लावला होता, ऊन अडवायला.
लातूरहून रज्जाकभाई आले. नवा जिल्हा झाल्यापासून कचेरीच्या बागेत माळी आहेत. "अप्पा, पांढऱ्या शेवंतीचा एक तरी फुटवा द्या. आमच्याकडं पिवळीच हाय." नाही म्हटलं. ही जात हिच्या माहेरची, उदगीरची. आसपास कुणाकडे नाही. फुटवे पावसापर्यंत जगले तर पुढं फुलं, नाहीतर संपलीच.

९ एप्रिल
पानांवर पिवळे ठिपके. उन्हानं असतील.
भांडी धुतलेलं पाणी वाफ्याला घालत होतो. शेजारचा बसवणप्पा बांधावरून, "माणसं टँकरमागं पळायलीत अन् तू फुलाला पाजायलास. उद्या च्या बी दे त्याला." हसलो. खोटं काही बोलला नव्हता.

१४ एप्रिल
ऊन नव्हे, कीड. लाल कोळी. लेकीनं, शोभानं पान उलटून दाखवलं. बारीक जाळी, तिच्यात तांबडे कण हलत होते. माझ्या डोळ्यांना ती धूळ वाटली होती. हवा जितकी कोरडी तितका हा वाढतो. पानाच्या खालून पाण्याचा मारा केला तर जातो. पाणी कुठलं? गंधक धुरळावं तर ह्या उन्हात पानच जळेल.
मग एरंडाचं पान उलटलं. तिथं तर कधीचे नांदत होते. सावलीला लावलं ते त्यांचं घर झालं.

१५ एप्रिल
इष्टलिंग तळहातावर, लक्ष एरंडाकडे. पूजा तशीच उरकली. एरंड ठेवला तर कोळी, तोडला तर ऊन.
ही म्हणाली, "तोडा. वर माझं जुनं लुगडं बांधू."

१६ एप्रिल
तोडला. लुगडं कशाला फाडायचं, म्हणून एरंडाचीच पानं वाफ्यावर अंथरली. गार सावली झाली. बरं सुचलं, असं वाटलं.
बसवणप्पा, "ओसाड गावी एरंड बळी म्हणत्यात. त्यो बी ठेवला न्हाईस, शिवाप्पा."

२० एप्रिल
चुकलो. अंथरलेली पानं वाळली तसे कोळी खाली शेवंतीवर उतरले. जातील कुठं, शिवारात हिरवं एवढंच. त्यांनाही ह्या उन्हात दुसरा आसरा नव्हता.
शेंडे जाळ्यानं आवळल्यासारखे. हिनं दोरीवर काढून ठेवलेलं लुगडं घडी घालून आत नेलं.

२४ एप्रिल
शोभानं एकेक फुटवा तपासला. कडेचा एकच स्वच्छ. "ह्याच्यावर न्हाई, अप्पा. आत्ता तरी न्हाई."
ओल्या फडक्यात बांधून लातूरला नेला. एसटीत मांडीवरच धरला होता. रज्जाकभाईंनी मागचं काही काढलं नाही. कुंडी भरली, गुलाबांच्या ओळीत ठेवली. "हितं नळाला पानी हाय. रोज पान धुतो. पन अप्पा, ह्याच्यावर कीड असली तर माझे गुलाब जातील. नीट बघितलंय ना?"
म्हटलं, "पोरीनं बघितलंय."
'आत्ता तरी' हे सांगितलं नाही.

२ मे
वाफा उपटून जाळला. संध्याकाळी भांड्यांचं पाणी सवयीनं तिथंच ओतलं. माती लगेच प्यायली. ही दारातून बघत होती.

७ मे
दुपारी ढग आले, गेले. पूजेत पाऊस मागितला नाही. तो फुटवा आणि ते गुलाब, दोन्ही सांभाळ म्हटलं. जास्तच मागितलं असेल.
बसवणप्पा लातूरला गेला होता. त्याला कचेरीवरून यायला सांगितलं होतं. आला तो बांधावरच थांबला. "हाय तुझा फुटवा. हिरवागार हाय." मग पागोटं सारखं करत, "शेजारच्या गुलाबावर पिवळं ठिपकं दिसलं जरा. उन्हानं असतील."
घरात येऊन हिला पहिलं तेवढं सांगितलं.