खूण नसलेली मुलगी

४ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. खिडकीजवळची जागा मिळाली, खुर्ची कुरकुरत नाही आणि भाड्याच्या खोलीत गरम पाणी चक्क येतं. आमचं काम असं: चॅटच्या अ‍ॅपमध्ये माणसाऐवजी बॉट, म्हणजे यंत्र, उत्तर देत असेल तर ते समोरच्याला नावाशेजारच्या खुणेवरून कळलं पाहिजे. ती खूण आम्ही ठरवायची. साहेबांना सगळे मुकादम म्हणतात, कारण ते हजेरी नुसत्या डोळ्यांनी घेतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, एवढं शिकून शेवटी शिक्केच मारणार का! मी पोट धरून हसले.

११ फेब्रुवारी
लाल खुणेला लोक बिचकले. मी हिरवा ठिपका सुचवला. बॉटला तो काढता येणार नाही आणि माणसाला लावता येणार नाही. शिवाय कुणी सरळ विचारलं तर बॉटने खोटं बोलायचं नाही, हाही नियम माझाच. मुकादम म्हणाले, पोरीचं डोकं चालतं. अंगावर मूठभर मांस चढलं.

२० फेब्रुवारी
चाचणी म्हणून प्रत्येकाने घरच्यांसाठी एक बॉट लावायचा होता. मी माझ्याच नावाचं दुसरं खातं काढून आईसाठी लावला. माझे जुने मेसेज वाचून तो हुबेहूब माझ्यासारखा बोलतो, म्हणून मी त्याला ठिपकेवाली म्हणते. आईला बजावलं, हिरवा ठिपका दिसला की मशीन बोलतंय समज. ती बरं म्हणाली. आईचं दिवसभर चालूच असतं: जेवलीस का, गोळी घेतली, नळाला पाणी नाही. ठिपकेवाली लगेच उत्तर देते, तेही न चिडता. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

६ मार्च
काही वयस्कर मंडळींना बोलावून ठिपक्याचा अर्थ विचारला. बहुतेक म्हणाले, खात्रीचा माणूस. मुकादमांनी कपाळावर हात मारला. पण ठिपका आता सगळीकडे पोचलाय. बदल पुढच्या खेपेला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही यावर खूप हसलो.

१५ मार्च
सुट्टी होती म्हणून आईला स्वतः लिहिलं. उत्तर नाही. ठिपकेवालीशी तिचं काय बोलणं झालं ते उघडून पाहिलं. आईने विचारलं होतं, बिनठिपक्याची एक तुझ्या नावाने लिहितेय, ती तूच का गं? ठिपकेवालीने लिहिलं होतं, नाही आई, ते मी लिहिलेलं नाही.
खरंच होतं ते. नियमाप्रमाणे.

१६ मार्च
फोन केला. आई म्हणाली, आवाजही नकली काढतात म्हणे हल्ली. मी ओरडले, आई, मी आहे. तर ती मला अहो म्हणाली. अहो, पुन्हा फोन करू नका.
जन्मात कधी तिने मला अहो म्हटलं नव्हतं.

१८ मार्च
ठिपकेवालीकडून लिहून घेतलं की मी मशीन आहे, बिनठिपक्याची तुझी खरी मुलगी. आईने लिहिलं, पुरे तुझी थट्टा. मग बॉट बंद केला. माझ्या खात्याला ठिपका मागितला, तर मुकादम म्हणाले, माणसाला देता येत नाही, नियम तुझाच. बरोबर आहे. जेवले. चव कळली नाही.

२१ मार्च
आईच्या शेजारच्या काकूंचा फोन. आई जेवत नाही. पोरगी हरवली म्हणते. निघाले.

२२ मार्च
तिने दाराची साखळी काढली नाही. काकू म्हणाल्या, अगं, पोटची पोर आहे तुझी. आई म्हणाली, चेहरा जुळतोय, पण हल्ली सगळंच जुळवतात. फटीतून मला पाणी दिलं. माझ्या मुलीला शोधाल का हो, म्हणाली — तिचे डोळे भरलेले. माझे नाही.

संध्याकाळ
जिन्यात बसलेय. बॉट सुरू केला. नाहीतर ती जेवणार नाही —
लगेच आईचा मेसेज. कुठे होतीस गं?
आत ताट घेतल्याचा आवाज. जेवतेय.
बरं वाटायला हवं —

पुन्हा लिहितेय ती. माझ्या फोनवर दिसतंय. तुझ्यासारखीच एक बाई जिन्यात बसलीय. रडत नाही, काही नाही. दार उघडू का?

ठिपकेवाली टाइप करतेय —
काय लिहील ते माहीत आहे. माझ्याच मेसेजांवरून शिकलीय. एकटी असताना अनोळखी माणसाला दार उघडू नकोस, हे आईला मीच रोज —