मागच्या रांगेतून दिसलेली टाच

ओइता, १९ ऑगस्ट

ति. इवाओदादास,
तोमिकोचा शि. सा. न.

सुखरूप पोचले. वहिनीने दिलेलं लोणचं गाडीतच निम्मं संपलं.

बाबांच्या श्राद्धाला तू देव्हाऱ्यापुढे गुडघ्यांवर बसलास, मी तुझ्यामागे. मंत्रांकडे माझं लक्ष नव्हतं; तुझी उजवी टाच पाहत होते. (मोजे घालायचे नाहीत, हा तुझा बाणा!) काळ्या डागाचं विचारलं तर म्हणालास, केंदोच्या तलवारबाजीत चाळीस वर्षं पाय आपटतोय, रक्त साकळणारच.

साकळलेलं रक्त काही आठवड्यांत निघून जातं, दादा. वहिनी म्हणते, हा डाग वसंतात चेरी फुलल्यापासून आहे आणि वाढतोय. दोन्ही अर्धी सारखी नाहीत, कड फाटकी, कुठे तपकिरी, कुठे काळाकुट्ट. हा मेलानोमा असू शकतो, त्वचेचा कर्करोग. तळपायाला ऊन लागत नाही म्हणू नकोस. आपल्या जपानी लोकांना तो तिथे आणि नखाखालीच जास्त गाठतो. तीस वर्षं रुग्णालयात नोकरी करताना उशिरा आलेले शूर पुरुष पाहिलेत मी. सोसणं शौर्य असेल, न पाहणं नव्हे! डाग तासू नकोस. सोमवारी डॉक्टरकडे जा.

लोभ आहेच, टाच दाखवून आलास की वाढवीन.
तोमिको

ओबी, ३० ऑगस्ट

चि. तोमिकोस, अ. आ.

भाषण पोचलं. शाळेत संप घडवणारी तू, बदलणार थोडीच! पोरांची स्पर्धा चौदा सप्टेंबरला आहे. गुरूच लंगडला तर ती काय लढतील? नंतर बघू. दुखत तर काहीच नाही. पट्टी लावली आहे, दिसतही नाही.
इवाओ

ओइता, २ सप्टेंबर

दादा,
मायना मुद्दाम गाळला आहे. दुखत नाही, हीच त्याची लबाडी! स्पर्धा दरवर्षी येते. गुरुवारची वेळ घेतली आहे. सकाळच्या गाडीने येते. दारात तयार राहा, नाहीतर पोरांसमोर ओढत नेईन.
तोमिको

ओबी, ११ नोव्हेंबर

चि. तोमिकोस, अ. आ.

डाग कापून टाचेला लावलेली मांडीची कातडी धरली. तपासणीत मेलानोमाच निघाला होता, हे तुला ठाऊकच. जांघेतली तपासायला काढलेली गाठ मात्र स्वच्छ आहे, रोग पसरलेला नाही, असं काल कळलं. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. पोरं पहिल्याच फेरीत हरली. हसू नकोस.

आता पाय आपटता येत नाही. चाळीस वर्षं शिष्यांच्या समोर बसलो, तोंडंच पाहिली. हल्ली ते वंदनाला गुडघ्यांवर बसले की काठी टेकत रांगेमागून फिरतो. सगळ्यांच्या पायांचे तळवे वर असतात. काल पोस्टातल्या मोरिनागाच्या टाचेवर काळं दिसलं. म्हणाला, गुरुजी, रक्त साकळलंय.

तुझं पहिलं पत्र त्याच्या हातात दिलं. ते परत मागू नकोस.

लोभ असू दे, आरडाओरड्यासकट.
इवाओ