सतरा मिनिटांचा सोलो आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा ड्रम वाजवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझ्या नुसत्या शब्दावर घरात कोणी विश्वास ठेवणार नाही. डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने निम्मेच येते, असेही त्यात लिहिले आहे; ते खरे आहे. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती, दोन्ही रागाच्या भरात. ती रद्द समजावीत.

१. राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, माझ्या पश्चात पत्नीला आणि तिच्या पश्चात मुलीला मिळाव्यात. वास्तविक हे घर पत्नीने शाळेत शिकवून उभे केले. माझ्या कमाईतून मागच्या खोलीच्या भिंतींना आवाज अडवणाऱ्या गाद्या लागल्या, त्याही शेजाऱ्यांनी लेखी तक्रार केल्यावर. सारांश, तिचेच घर मी तिला मोठ्या मनाने देत आहे.

२. बँकेत जे काही असेल ते मुलीला. ती दातांची डॉक्टर आहे, तिचे यावाचून काही अडत नाही, आणि हे सर्वांच्याच दृष्टीने बरे आहे.

३. ड्रमचा संपूर्ण संच, झांजांसह, पत्नीच्या शाळेला द्यावा. अट एकच: तो मुख्याध्यापकांच्या शेजारच्या खोलीत ठेवावा. तिथले एक मुख्याध्यापक दर स्नेहसंमेलनात पत्नीला विचारत, "तुमचे मिस्टर सध्या काय करतात?" ते केव्हाच निवृत्त झाले. खोली मात्र तीच आहे.

४. आता आमच्या त्रयीविषयी. धाकटी बहीण पियानोवर, लांबू बासवर आणि मी ड्रमवर, असे आम्ही सव्वीस वर्षे जॅझ वाजवले. रचनेची सुरुवात आणि शेवट कागदावर लिहिलेला असे; मधली जागा कोरी. तिथे ज्याला जे सुचेल ते त्याने वाजवायचे आणि बाकीच्या दोघांनी ऐकायचे. एका समीक्षकाने आम्हाला "तालाला केंद्रस्थानी ठेवणारी त्रयी" म्हटले. त्याचा अर्थ मी "मला केंद्रस्थानी ठेवणारी" असा घेतला.

अकरा वर्षांपूर्वी, एका रविवारी दुपारी, वाचनालयाच्या सभागृहात आमचा कार्यक्रम होता. धाकटीच्या रचनेत मला दीड मिनिटाची जागा होती. मी डोळे मिटले आणि सुरू झालो. आजूबाजूला शांतता पसरली, ती मी आदराची समजलो. डोळे उघडले तेव्हा पियानोचे झाकण बंद होते आणि लांबू खुर्चीवर बसून केळे खात होता.

"धाकटी कुठे गेली?"

"घरी. चौथ्या मिनिटाला."

"आणि आता कितवं चालू आहे?"

"सतरावं."

"मग मला थांबवलं का नाहीस?"

"दोनदा हाक मारली," तो म्हणाला. "मग भूक लागली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून त्या स्वीकारल्या, हे मला लेखी कबूल करायचे आहे. त्यानंतर धाकटी आमच्याबरोबर वाजवायला आली नाही, माझ्याशी बोललीही नाही. दादाचे कौतुक तिला बघवत नाही, असे मी सगळ्यांना सांगत राहिलो.

५. मागच्या वर्षी मुलीने हट्टाने मला कानाचे यंत्र बसवले. ते पारखायला म्हणून मी आमच्या तालमींच्या जुन्या टेपा लावल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा पियानो ऐकला. धाकटी तीन-चार स्वर वाजवायची आणि माझ्यासाठी जागा सोडायची. मी त्या जागेत दोन्ही पायांनी उडी मारायचो.

एका टेपेवर आमची सर्वांत गाजलेली रचना निघाली. ती माझी म्हणून ओळखली जाते आणि तिला मी "पायऱ्या" असे नाव दिले आहे. टेपेवर ती अख्खी रचना धाकटी एकटीच वाजवते आणि विचारते, "दादा, कसं वाटतंय?" त्यावर माझा आवाज येतो, "बरं आहे, पण ड्रम कधी येतात?" कागदावर रचनाकार म्हणून मी माझे नाव घातले, ते त्यानंतर आठवड्याने. टेप ऐकेपर्यंत मला खरोखर वाटत होते की ती मला जिन्यात सुचली.

सबब, ही रचना, तिचे सर्व हक्क आणि सर्व टेपा धाकट्या बहिणीच्या आहेत. हे देणे नाही, परत करणे आहे.

६. गेल्या रविवारी मी कच्चा मसुदा घेऊन तिच्या घरी गेलो. साक्षीदार म्हणून सही मागायला आलो, असे निमित्त सांगायचे ठरवले होते. तिने दार उघडले, माझ्या कानाकडे बघितले, म्हणाली, "यंत्र चालतं का?"

"चालतं."

तिने उभ्यानेच सगळे वाचले. मग विचारले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, माहीत आहे ना तुला?"

"वकिलांनी सांगितलंय."

तिने पेन उचलले. तिने सही केली असती तर पाचवे कलम फुकट गेले असते. "मला तुझं काही नको," हे तिला एक शब्दही न बोलता सांगता आले असते, आणि मी काही म्हणू शकलो नसतो. पेन साक्षीदाराच्या ओळीवर बराच वेळ राहिले. मी गप्प बसलो. हे मला जमते, हे मलाच नवीन होते.

मग तिने पान मागे उलटले आणि "पायऱ्या" या शब्दावर काट मारली.

"याचं नाव हे नाही."

"मग काय आहे?"

"कधी विचारलं होतंस?"

"आत्ता विचारतोय."

"थांब," ती म्हणाली.

मी थांबलो. ती पुढे काही बोलेना, तेव्हा माझ्या लक्षात आले की तेच नाव आहे.

तिने पेन माझ्या खिशाला लावले. "साक्षीदार दुसरा शोध," म्हणाली.

तरी पाचव्या कलमातील रचनेचे नाव यापुढे "थांब" असे वाचावे. हा सबंध मजकूर मी पुन्हा हाताने लिहिला, वाचला आणि दोन साक्षीदारांच्या देखत सही केली. मी सही करताना त्यांनी पाहिले, ते करताना मी पाहिले. दोघांनाही यातून काही मिळत नाही. लांबूला तसे आधीच सांगितले. तो म्हणाला, "सवय आहे."

स्थळ: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: अकरा मार्च, मंगळवार, सकाळी दहा

सही: मृत्युपत्र करणारा, ड्रमवादक

साक्षीदार:
(१) लांबू, बासवादक
(२) खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई, तक्रारअर्जावर पहिली सही यांचीच