वर्षाताई, व्हिस्कोमीटरची रेघ सरळ आली

प्रिय वर्षाताई,

आज आपल्या दाटपणा मोजायच्या मशीनची, व्हिस्कोमीटरची, रेघ सरळ आली. "ताई, बघ ना!" असं मोठ्यानं म्हणत मी मागं वळले. तुझी खुर्ची रिकामी. म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू?

त्या शुक्रवारी लॅबमधून निघून नांदेडच्या बसस्टँडवर तुला लातूरच्या गाडीत बसवलं. खिडकीतून ओरडलीस, "माझ्याबिगर मशीनमधी नमुना सोडू नको गं! सोमवारी मशीन हलवू."

सोमवारी तुझ्या भावाचा फोन आला. "ताई गेली."

मी विचारलं, "कुठं गेली?"

खरंच असं विचारलं मी! झोपेतच गेलीस म्हणे. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हतीस. असं कुणी जातं का?

माझ्या प्रबंधाची सगळी मदार त्या एका प्लास्टिकच्या पॉलिमरवर. द्रावण तेच, पण दाटपणाचा आकडा दर वेळी निराळा. सर म्हणाले, सोडून द्या हा नमुना. तू अडून बसलीस. "नमुना बरोबर हाय, सर. एसीचा वारा थेट मशीनवर येऊन राहिला. आतल्या नळ्या लई बारीक. जरा गार-गरम झालं की दाब बदलतो अन् रेघ डुलती."

अखेर काल शिपाईमामांना घेऊन मशीन भिंतीकडं सरकवलं. नळ्यांत अडकलेली हवा काढली, द्रावक रात्रभर वाहू दिला. सकाळी आधी ज्याचं उत्तर ठाऊक आहे तो नमुना सोडला. मग आपला. पुन्हा सोडला. पुन्हा. जुळलं, ताई! सरांनी आलेख बघितला. "वर्षाला दाखवा," म्हणाले, आणि पटकन बाहेर निघून गेले.

छातीत दुखतंय हे भावाला आधीच सांगितलं होतंस म्हणे, मग मला का नाही? रोज एका डब्यात जेवायचो की गं आपण!

तुझ्या गावी किल्लारीला, मातीच्या दिवशी, तुझ्या आईनं माझा हात धरला. "काय मोजत व्हती गं माझी लेक तिथं?" "नंतर सांगते, काकू," म्हणून मी निघून आले.

येत्या रविवारी त्यांच्याकडं जाणार आहे. शेजारी बसून सांगेन: तुमची लेक प्लास्टिक विरघळवून बारीक नळीतून सोडायची, ते किती दाट वाहतं त्यावरून आत काय दडलंय ते ओळखायची. आणि एकदाच आलेल्या उत्तराला कधी खरं मानायची नाही. काकूंना उमजेपर्यंत सांगेन, ताई. हा माझा शब्द.

तुझीच,
मीनल