पट्टी सोडताना

रहिमतपूर, ११ जानेवारी १९७६

घोर अन्याय! माझं नाटक टीव्हीवर लागलं आणि नेमकं लेखकाचं नाव यायच्या क्षणी अँटेनावर कावळा बसला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. वजीरच्या दुकानातल्या टीव्हीपुढे जमलेल्या गावाने माझं नाव सोडून बाकी सगळं पाहिलं.

भाजलेली नायिका, चिघळलेली जखम. डॉक्टर पट्टी सोडतात आणि ती मंद हसते! बायकांनी डोळे पुसले. मी मिशीवर हात फिरवला.

१३ जानेवारी

शेजारचा सयाजी, फौजेतला रिटायर हवालदार. मागे गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस हातावर सांडला. पट्टी बदलायला साताऱ्याला जातो. आज त्याच्या भावकीतल्या लालासाहेबाने त्याला पारावर गाठलं — "का रं फौजी, टीव्हीतली पोरगी हसत पट्टी सोडून घेती, आन तू दवाखाना डोक्यावर घेतुस व्हय?"

सगळे हसले. मीही.

१९ जानेवारी

बनुबाई, सयाजीची बायको, दारात. "आवं अण्णा, ह्ये पट्टीला जायचंच बंद झाल्यात. हाताला वास मारतुय. अंगात लय ताप हाय."

गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. "लढाईत वरडलो न्हाई, अण्णा. पट्टीला वरडलो. त्या बाईला कसं जमलं?"

काय सांगू! लिहिताना डॉक्टरांना विचारलं होतं. "चिकटलेली पट्टी निघताना भलेभले किंचाळतात," म्हणाले. किंकाळी लिहिलीही होती. निर्माते म्हणाले, "लोक जेवता जेवता बघतात हो." चहा संपायच्या आत मी किंकाळी खोडून हसू घातलं.

"ते खोटं आहे सयाजी. मीच लिहिलंय."

"तुमचं नाव कुटं हुतं त्यात? माझं मन राखाया काय बी सांगताय."

२० जानेवारी

त्याला जीपमध्ये घालून साताऱ्याला आणलं. डॉक्टर म्हणाले, जखम ताबडतोब साफ झाली नाही तर हात काढावा लागेल. आणि हा पट्टीला हात लावू देईना! व्हरांड्यात सगळी भावकी बसलेली ना, ऐकायला.

२१ जानेवारी

नर्सने पट्टी भिजवून टोक उचललं. सयाजीने ओठ गच्च मिटले, हात मागे ओढला. मी त्याचा दुसरा हात धरला आणि ओरडलो. बेंबीच्या देठापासून!

व्हरांड्यातून लालासाहेब — "आरं, कोन वरडलं?"

"मी!" मीच आतून सांगितलं.

सयाजी माझ्याकडे बघत राहिला. मग तोही ओरडला. हात मात्र पुढेच ठेवला.